आधी कबूतर, मग बंदूक : शॉर्टहेअर पिल्लाचे एप्रिल ते ऑक्टोबर

पॉइंट धरायला पिल्लाला कोणी शिकवत नाही. आठ आठवड्यांचं जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर गवतात चिमणीच्या वासाला अडतं, पुढचा एक पाय उचलतं, शेपूट ताठ करतं आणि तिथेच खिळतं. ते रक्तातून आलेलं असतं. आपण शिकवायच्या गोष्टी तीनच : हाक मारली की येणं, सांगितलं की थांबणं, तोंडातलं हातात देणं. उरलेलं सगळं पक्षी शिकवतो. पहिल्या सहा महिन्यांत माणसाच्या हातून जास्त करून बिघडवण्याचंच काम होतं, आणि ते जवळजवळ नेहमी घाईपोटी होतं.

आपल्याकडे शिकारी कुत्रा म्हटलं की कारवानी आठवतो. नजरेनं सावज टिपायचं, धावून गाठायचं. बर्ड डॉगचं काम याच्या अगदी उलट. त्यानं वाऱ्यावरचा वास घेत माणसाच्या पुढे नागमोडी धावायचं, गवतात दबलेला पक्षी नाकानं शोधायचा आणि त्याच्यापासून दहा-पंधरा फुटांवर पुतळ्यासारखं उभं राहायचं. पक्षी उडवायचा माणसानं, मारायचा माणसानं, आणून द्यायचा कुत्र्यानं. भारतात तितर-लाव्याची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा इथलं काही तिकडे जसंच्या तसं नेण्यासारखं नाही. हे सगळं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं आहे. इथे फेजंटचा, म्हणजे कोंबड्याएवढ्या, लांब शेपटीच्या रानपक्ष्याचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला उघडतो, परवाना काढून शिकार करता येते, आणि कुत्र्याशिवाय गेलं तर पडलेले बरेच पक्षी गवतात सापडतच नाहीत.

फेब्रुवारीत जन्मलेलं पिल्लू एप्रिलच्या मध्याला घरी येतं, म्हणजे हंगाम उघडतो तेव्हा ते आठ महिन्यांचं असतं. हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवूनच आम्ही पिल्लू घेतो. उन्हाळ्यात जन्मलेलं पिल्लू पहिल्या हंगामाला फार लहान पडतं आणि माणसाला ते नेण्याचा मोह आवरत नाही.

पहिले तीन आठवडे शिकारीचा विषयही नाही. क्रेट, म्हणजे झोपायचा पिंजरा, एवढाच हवा की पिल्लू उभं राहू शकेल, वळू शकेल, आडवं होऊ शकेल. मोठ्यांचा क्रेट आणला असेल तर मध्ये पार्टिशन घालायचं, नाहीतर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. किती तास तग धरेल याचा ढोबळ हिशेब : वय महिन्यांत, अधिक एक. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री एकदा तरी बाहेर न्यावंच लागतं. जेवण दिवसातून तीनदा, चार महिन्यांनंतर दोनदा. पहिले काही दिवस निम्मं जेवण भांड्यात न घालता मुठीतून भरवायचं. आपल्या हाताला खाण्याचा वास येतो, हात आला की चांगलंच काहीतरी होतं, एवढंच त्याच्या डोक्यात बसायला हवं. याच दिवसांत रोज दोन मिनिटं पंजे दाबून, नखांना हात लावून, कान उलटे करून, ओठ वर करून दात बघायचे. ऑक्टोबरात शेतात उभं राहून त्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायची वेळ येते तेव्हा ही सवय कामी येते.

लस आठ, बारा आणि सोळा आठवड्यांना, रेबीज पशुवैद्य सांगेल तेव्हा. मिनेसोटात लाइम हा रोग पसरवणाऱ्या गोचिडी भरपूर आहेत, त्यामुळे लाइमची लस आणि गोचिडीचं औषध दोन्ही. डासांमुळे होणाऱ्या हार्टवर्मची (हृदयातल्या जंतांची) गोळी महिन्याला एक. शेवटची लस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत डॉग पार्कच्या मातीत पाय ठेवू द्यायचा नाही, पण म्हणून घरात डांबायचंही नाही. माणसं, गाड्या, लहान मुलं, जिने यांची भीती न बसण्याचं वय साधारण चौदा आठवड्यांपर्यंतच असतं. कडेवर घेऊन हिंडवायचं.

आता हुकुमाच्या भाषेबद्दल. घरात मराठी, शेतातले सोबती इंग्रजी बोलणारे, मग कुत्र्याशी काय बोलायचं? इंग्रजीत थांबण्याचा रूढ शब्द 'व्हो', आणि तो लांबून हुबेहूब 'नो'सारखा ऐकू येतो. ही तक्रार अमेरिकन ट्रेनरही करतात. 'थांब'ला तो धोका नाही. पण मराठीतही खड्डे आहेत. 'ये' हा शब्द आम्ही टाकला, कारण फोनवर इंग्रजी बोलताना दर दुसऱ्या वाक्याला 'या', 'येस' येतं आणि आठवड्याभरात पिल्लू त्याकडे कान देईनासं होतं. त्याऐवजी 'इकडे'. 'बस' तर नकोच. घरात दिवसभर 'बस झालं', 'बस कर' चालू असतं. शिवाय पॉइंटरला पहिल्या वर्षी बसायला शिकवू नये. घाबरला, गोंधळला की तो शिकलेली सगळ्यात सोपी गोष्ट करतो, म्हणजे पॉइंटवर बूड टेकतो, आणि ती खोड मोडायला वर्ष जातं. उरलेले शब्द 'चल', 'आण', 'सोड', 'शोध'. ही यादी फ्रीजवर चिकटवायची आणि आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही तीच लागू.

'इकडे' शिकवायला दोन माणसं आणि एक लांब बोळ पुरतो. एकानं पिल्लाला छातीला धरून ठेवायचं, दुसऱ्यानं पंधरा फुटांवर उकिडवं बसून एकदाच 'इकडे' म्हणायचं, आलं की दोन दाणे आणि पाठीवर हात. पाच-सहा वेळा, मग खेळ बंद. शब्द एकदाच. 'इकडे, इकडे, अरे इकडे ना' असं म्हणत राहिलं की त्याच्या लेखी हुकूम तेवढा लांबलचक होतो आणि ते चौथ्या 'इकडे'ची वाट बघायला शिकतं. न आल्यास आणता येईल अशी सोय हातात नसेल, म्हणजे दोर नसेल किंवा जागा कुंपणाची नसेल, तर हाकच मारायची नाही. आणि रागावण्यासाठी तर कधीच हाक मारायची नाही. आठवड्यानंतर हाकेसोबत शिट्टी, दोन छोट्या फुंका. शिट्टी प्लास्टिकची आणि आत मणी नसलेली घ्यावी. डिसेंबरात मणी गोठतो आणि धातू ओठाला चिकटतो.

माणसाशी नातं जुळतं ते मात्र या सरावात नाही, मोकळ्या फिरण्यात. दहाव्या आठवड्यापासून रोज अर्धा तास, रहदारीपासून लांब, कोणाच्या तरी परवानगीच्या गवताळ जमिनीवर, दहा फुटी हलका दोर मागे फरफटत. आपण तोंड बंद ठेवायचं. सुरुवातीला पिल्लू पायाशीच घोटाळतं, पंधरा दिवसांत ते वीस फूट पुढे जातं, चौथ्या महिन्यात पन्नास यार्ड (एक यार्ड म्हणजे तीन फूट). ते पुढे गेलं की गुपचूप दिशा बदलायची. मागे वळून आपण दिसलो नाही की ते दचकतं, धावत येतं, आणि त्या दिवसापासून दर काही सेकंदांनी मान वळवून बघायला लागतं. कधी झाडामागे उभं राहायचं आणि त्याला नाकानं शोधू द्यायचं. सारखं बोलावत राहिलो तर त्याला आपण कुठे आहोत याची काळजी करावी लागत नाही, आवाजच ती काळजी घेतो. गप्प माणसावर कुत्र्याला लक्ष ठेवावं लागतं. काहीजण याच वयात सायकलला बांधून पळवतात. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर तरी, जबरदस्तीचं पळवणं नको. आपल्या मर्जीनं हुंदडतं तेवढं पुरे.

मासेमारीच्या काठीला दोरी, दोरीला लाव्याचा पंख, आणि त्यावर पॉइंट धरलेलं पिल्लू : हे फोटो सगळेच काढतात. दोन-तीन वेळा काढावेत आणि काठी माळ्यावर टाकावी. तो पॉइंट डोळ्यांचा असतो. महिनाभर हा खेळ चालला तर पिल्लू हलणारी वस्तू शोधायला शिकतं, आणि पक्षी तर गवतात न हलता दबलेला असतो.

खरं शिक्षण कबुतरांपासून. १६ एप्रिल ते १४ जुलै हा इथे रानपक्ष्यांच्या विणीचा काळ, या दिवसांत रानात कुत्रा तयार करण्यावर राज्याचे निर्बंध असतात, ते आधी बघून घ्या. म्हणून पाळीव कबुतरं. घरी परतणारी जात, म्हणजे होमर, बारा-पंधरा घ्यायची. ती चार-पाच आठवड्यांचीच घ्यायची, कधी बाहेर न उडवलेली. मोठं होमर विकत घेतलं तर पहिल्यांदा सोडताच ते जुन्या मालकाकडे जातं आणि आपले पैसे उडतात, अक्षरशः. खुराड्यात महिनाभर कोंडून, मग संध्याकाळी उपाशी सोडून, डबा वाजवून परत बोलावायचं. एका कबुतराला दिवसाला साधारण तीस ग्रॅम दाणे. शहराच्या हद्दीत राहत असाल तर कबुतरं पाळण्याचे नियम आधी बघून घ्या.

पहिलं कबूतर हातातून. एका पंखाची मोठी पिसं कागदी टेपनं बांधायची म्हणजे ते दहा-वीस फूट फडफडत जातं. पिल्लानं त्याच्यामागे जावं, घाबरावं, पुन्हा जावं, शेवटी तोंडात धरावं. पकडू द्यायचं ते एकदा किंवा दोनदाच. तीन महिन्यांच्या पिल्लाच्या डोळ्यांत पक्ष्याची भूक दिसली की हे थांबवायचं. पुढे ज्या पक्ष्यावर पॉइंट शिकायचा तो पक्षी कधीही त्याच्या हाती लागता कामा नये.

त्यासाठी लाँचर. स्प्रिंगवर उघडणारी जाळीची पेटी, आत कबूतर, आपल्या खिशात रिमोट. पिल्लू गाडीत असतानाच रिकाम्या पेटीवर रिमोट एकदा दाबून बघायचा. ऐन वेळी बॅटरी गेली तर पिल्लू पेटीवर नाक आपटतं आणि आठवड्याभराची मेहनत जाते. पेटी ठेवताना हातमोजे, नाहीतर पिल्लू कबुतराऐवजी आपला वास शोधतं. पेटीपर्यंत आपण चालत गेलो ती वाट पिल्लाच्या वाटेला कुठेही छेदू नये. दर वेळी नवी जागा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ते थेट कालच्या झुडपाकडे धावतं.

वाऱ्याचं गणित चुकलं तर बाकी सगळं व्यर्थ. वास पक्ष्यापासून शंकूसारखा पसरत वाऱ्याच्या दिशेनं वाहतो, जवळ अरुंद, लांब रुंद. पिल्लाला सरळ वाऱ्याच्या तोंडी आणलं तर वास त्याला हळूहळू वाढत जाणवतो आणि ते पावलापावलानं पुढे सरकत राहतं. आडव्या वाऱ्यात आणलं तर ते एकदम वासाच्या पट्ट्यात शिरतं आणि जागीच अडकतं. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवायची, दाबली की वारा दिसतो. सकाळी सात वाजता, दंव असताना, मंद वारा, हे उत्तम. जुलैच्या दुपारी वारा पडलेला असताना नाक काही कामाचं नसतं, तेव्हा त्या कुत्र्याची परीक्षा घेऊ नये.

आता त्या काही सेकंदांत काय होतं ते. पिल्लू वीस फुटी दोरावर, दोर सैल, आपण त्याच्या मागे डावीकडे. पेटी पंचवीस-तीस फुटांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, गवतानं झाकलेली. पिल्लू उड्या मारत चाललंय, कान फडफडतायत. एका क्षणी डोकं झटक्यात उजवीकडे वळतं. धड अजून सरळच धावत असतं, ते अर्ध्या क्षणानं मागाहून वळतं आणि सगळं शरीर आवळतं. नाकपुड्या हलतात, तोंड मिटतं. शेपटीकडे बघायचं : ती हलत असेल तर अजून खात्री नाही, ताठ झाली की झाली. आपण श्वाससुद्धा हळू घ्यायचा. पिल्लू उभं आहे तोवर उभं राहू द्यायचं, पाच सेकंद, सहा सेकंद. पुढचा पंजा उचलून पुढे टाकला की त्याच क्षणी बटण. खटकन पेटी उघडते, कबूतर पंधरा फूट वर फेकलं जातं आणि घराकडे निघून जातं. पिल्लू मागे पळतं. पळू द्यायचं. शंभर यार्ड जाऊन जीभ काढत ते परत येतं, तेव्हा ना शाबासकी ना रागावणं, नुसतं पुढे चालू लागायचं. पाऊल टाकलं की पक्षी जातो, हे त्याला कबुतरानं सांगितलेलं असतं. आपण सांगितलं असतं तर पन्नास दिवस लागले असते.

एका वेळी दोन, फार तर तीन कबुतरं, आठवड्यातून दोनदा. सातव्या-आठव्या खेपेला उभं राहणं दहा सेकंदांवर जातं, मग वीसवर. पिल्लू पॉइंटवर असताना त्याच्याशी बोलण्याची जी अनावर इच्छा होते ती दाबायची. 'थांब, थांब' म्हणत दोर ओढला की त्याच्या मनात पक्ष्याचा वास आणि आपला दाब यांची गाठ बसते. अशी गाठ बसलेलं कुत्रं पुढे पक्ष्याचा वास आला की मान फिरवून दुसरीकडे निघून जातं, जणू काही नव्हतंच. इथले लोक याला ब्लिंकिंग म्हणतात, आणि हा दोष जन्मजात क्वचित असतो. दुसरी चूक, पेटी फार जवळ असताना उघडणं. तोंडावर खटका वाजला की धीट पिल्लूही दचकतं. तसं झालं तर दोन आठवडे पेटी बंद, पुन्हा हातातून कबूतर. तिसरी चूक म्हणजे पिंजऱ्यात वाढलेले लावे जमिनीवर ठेवून त्यांच्यावर सराव. ते धड उडत नाहीत, पिल्लू झेप घालून पकडतं, आणि एकदा 'पकडता येतो' हे कळलं की कुठल्याही पक्ष्याच्या अंगावर जाऊन पडतं.

बंदुकीची भीती. बहुतेक बंदूक-भित्री कुत्री माणसानंच तशी केलेली असतात. घरात ताटं आपटून 'सवय' लावणं, गोळीबाराच्या मैदानावर नेऊन उभं करणं, 'बघू घाबरतं का' म्हणून बाजूला बार काढणं, हे तिन्ही उद्योग अजून चालतात. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पिल्लू साडेचार महिन्यांचं असतं आणि गल्लीत फटाके सुरू असतात. तो आठवडा संध्याकाळनंतर ते घराच्या आतल्या खोलीत, पंखा नाहीतर टीव्ही चालू ठेवून. दिवाळीला मित्रमंडळींकडे फटाके असतील तर तिथेही पिल्लू न्यायचं नाही, वाजत असताना कोणी प्रेमानं कडेवर घेतलं तरी.

कबुतरामागे पिल्लू मनापासून पळतंय याची खात्री झाल्यावरच पहिला आवाज. एक मदतनीस शंभर यार्डांवर, हातात .२२ ब्लँकचं, म्हणजे गोळी न सुटता नुसता आवाज करणारं, स्टार्टर पिस्तूल. कबूतर उडतं, पिल्लू मागे सुटतं, पूर्ण वेगात असताना मदतनीस पिल्लाकडे पाठ करून एकच बार काढतो. आपण बघायचं ते पिल्लाचे कान आणि वेग. वेग तसाच राहिला तर आवाज ऐकू आला पण मनावर घेतला नाही. पळताना मान वळवली तर पुढच्या वेळी अंतर वाढवायचं. थांबलं किंवा आपल्याकडे आलं तर त्या महिन्यात आवाज बंद. सगळं ठीक असेल तर पुढच्या खेपेला सत्तर यार्ड, मग पन्नास, मग तीस. प्रत्येक बार पक्ष्यासोबतच, पक्ष्याशिवाय एकही नाही. ब्लँक वीस यार्डांवर आला की वीस गेजची हलकी काडतुसं, पण पुन्हा शंभर यार्डांपासून. बारा गेज, म्हणजे जाड नळीची मोठ्या आवाजाची बंदूक, सगळ्यात शेवटी. एकूण दहा-बारा फेऱ्या, म्हणजे साधारण दीड महिना. ज्याच्याकडे दीड महिना नसेल त्यानं पिल्लाला त्या हंगामात नेऊ नये.

'थांब' पक्ष्यांपासून लांब, अंगणात शिकवायचं. दोन बाय तीन फुटांचं प्लायवूड, खाली लाकडी चौकट देऊन जमिनीपासून चार इंच उंच. पाच महिन्यांचं पिल्लू दोरावर फळीवर चढवायचं, चारी पाय आले की छातीवर हात, 'थांब' एकदा. तीन सेकंद. मग बरगडीवर थोपटून 'चल'. उंचवटा असल्यामुळे पाय खाली पडला की त्यालाही कळतं, आपल्यालाही. दोन आठवड्यांत वेळ दोन मिनिटांवर नेता येतो. मग त्याच्याभोवती फिरायचं, गवत लाथाडायचं, टोपी फेकायची, शेवटी समोर कबूतर सोडायचं. फळी जमते तेव्हा तीच गोष्ट जमिनीवर : दोर गळ्यातून पाठीवरून नेऊन कमरेभोवती, मागच्या पायांच्या पुढे, एक वेढा. हलकं ताणलं की कुत्रं आपसूक थांबतं, झटका लागत नाही. एक पथ्य मात्र कडक. 'थांब'वरून पिल्लाला लांबून 'इकडे' म्हणून बोलवायचं नाही, निदान पहिले काही महिने. बोलवलं की ते उभं असताना पुढच्या हाकेची वाट बघत सरकायला लागतं. दर वेळी आपणच चालत जायचं, हात लावायचा, मग सोडायचं.

रिमोटनं गळ्याला हलका विजेचा झटका देणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा सहा महिन्यांच्या आधी नको, आणि जो हुकूम दोरावर पक्का झालेला नाही त्यासाठी तर नकोच. टोकं कातडीला टेकायला हवीत, पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. सैल पट्टा कधी लागतो, कधी नाही, आणि कुत्रं गोंधळतं. कान हलेल, मान किंचित वळेल एवढाच झटक्याचा आकडा पुरतो. ओरडलं तर आकडा फार झाला. रोज काढून कातडी बघायची, रात्रभर गळ्यात ठेवला तर जखमा होतात. पक्ष्यांच्या आसपास त्याचं बटण पहिल्या वर्षी दाबायचंच नाही.

आणून देण्याचा खेळ त्या बोळातच, दारं बंद करून, छोट्या कॅनव्हासच्या डमीनं, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या गुंडाळीनं. तीन-चार फेका, पिल्लाला अजून हवं असतानाच उचलून ठेवायचं. घेऊन पळालं तर मागे पळायचं नाही, उलट दिशेला पळायचं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात पडतात, हिरड्या दुखतात, तेव्हा हे पूर्ण बंद. डमीच्या नावानं तोंड दुखलं की पुढे पक्षीही थुंकायला लागतं. पोहण्यासाठी पाणी कोमट झाल्यावर उथळ काठावर आपणच आधी उतरायचं. उचलून फेकलेलं पिल्लू पाण्याचा राग वर्षभर धरतं. ऑगस्टमध्ये तळ्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसली तर आत सोडायचं नाही. ते निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं आणि कुत्रं काही तासांत दगावतं.

१५ जुलैपासून रानपक्षी मोकळे, बंदूक न घेता. इथून पुढे आपलं काम चालण्याचं. फेजंट हा पॉइंट शिकायला वाईट पक्षी आहे, कारण तो दबून बसत नाही, पाणकणसातून धावत सुटतो. पिल्लू पॉइंट धरतं, पक्षी साठ फूट पुढे गेलेला असतो, रिकामा पॉइंट बघून माणूस चिडतो. चिडायचं नाही, वास तिथे होताच. लाँचरनं शिकवलेलं सगळं इथे आठवडाभर विसरल्यासारखं वाटतं आणि मग पिल्लू स्वतःच हिशेब बसवतं : पॉइंट, माग, पुन्हा पॉइंट. उकाड्यात वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. जीभ फावड्यासारखी रुंद होऊन बाहेर आली, मागचे पाय डगमगले की लगेच सावली, पोटावर-मांड्यांवर पाणी, गाडीचा एसी, आणि पशुवैद्य. या जातीची कुत्री आपण होऊन थांबत नाहीत. ज्यांना शिकारीपेक्षा चाचणीत रस असेल त्यांच्यासाठी १९६९ पासून चालत आलेल्या नॅव्हडा या संघटनेची नॅचरल अ‍ॅबिलिटी चाचणी आहे. सोळा महिन्यांपर्यंतचं कुत्रं, एकूण ११२ गुण, शोध, माग, पाणी आणि पॉइंट. हुकूम कुठल्या भाषेत द्यायचा यावर बंधन नाही.

पहिल्या हंगामात बंदूक एकच, आणि कुत्रा हाताळणाऱ्याच्या हातात शक्यतो तीही नाही. सोबतीला आधीच सांगायचं : पिल्लानं पॉइंट धरलेला पक्षीच मारायचा, पायाखालून आपोआप उडालेला जाऊ द्यायचा. खाली उडणारा पक्षी कोणीच मारायचा नाही. पिल्लू त्याच्यामागे उडी घेतं आणि छरे तिथेच जातात. पक्ष्याखाली आकाश दिसलं तरच बार. कमरेच्या वर भगवा किंवा गुलाबी भडक कपडा कायद्यानं लागतो, पिल्लालाही भगवं जाकीट घालावं, गवतात त्याची पाठ दिसतच नाही. मादी मारायला बंदी आहे, नर दिवसाला दोन, १ डिसेंबरनंतर तीन. सकाळी नऊच्या आधी सुरुवात नाही. सरकारी पाणथळ जमिनींवर शिशाचे छरे चालत नाहीत, स्टीलची काडतुसं न्यावीत. पहिल्या दिवशी पाऊण तास, एक पक्षी मिळाला तरी बास. पक्षी पडला की कोणी धावायचं नाही. 'शोध', आणि पिल्लाला त्याच्या नाकानं सापडू द्यायचा. त्यानं आणला की लगेच हिसकायचा नाही. अर्धा मिनिट तसंच तोंडात धरू द्यायचा, पाठीवर हात ठेवायचा, मग हलकेच 'सोड'.

भरल्या पोटी पळवायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट पिळवटून जीव जाऊ शकतो. मुख्य जेवण आदल्या रात्री, आणि हंगामात तीस टक्के प्रथिनं, वीस टक्के चरबीचं. गाडीपाशी परतल्यावर आधी पाणी, थोडं थोडं. मग टेलगेटवर, म्हणजे गाडीच्या मागच्या उघडलेल्या फळीवर, उभं करून तपासणी, रोज त्याच क्रमानं म्हणजे काही सुटत नाही : खालची पापणी ओढून डोळे सलाइननं धुवायचे, कानांत बोट, काखा, बोटांच्या फटी, शेपटीखाली. रानगव्हाची कुसळं मासेमारीच्या गळासारखी एकाच दिशेनं आत जातात. आज फटीत दिसलेलं कुसळ उपटलं नाही तर दोन आठवड्यांनी पंजा सुजतो आणि मग चाकू लागतो. साळिंदराचे काटे शिरले असतील तर एक-दोन पक्कडीनं, कातडीलगत धरून सरळ ओढायचे, तोंडभर असतील तर भूल देऊनच. जेवण तासाभरानं, धाप पूर्ण बसल्यावर. दुसऱ्या दिवशी पिल्लू कितीही दारात उभं राहिलं तरी सुट्टी.